नाव नसलेली पुडी

मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्याकडे नाही. औषधनिर्माणशास्त्राची माझी पदविका दुकानात काउंटरच्या मागे फ्रेम करून लावलेली आहे, आणि गेली एकतीस वर्षं मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीच्या बाजारात मेडिकल चालवतो. ज्या औषधाने मी मरणाच्या दारात गेलो, ते मीच माझ्या हाताने, माझ्याच दुकानातून, मला दिलं होतं. हे लिहायला मुलीने सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, लोकाइले सांगा. तुमी सांगाल तर आयकतील." लोक माझं ऐकतात, हीच तर सगळी भानगड आहे.

*

आमच्याकडे धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली की बाया दिवसभर चिखलात वाकून असतात. संध्याकाळी घरी जाताना त्या मेडिकलवर येतात. "भाऊ, कंबर गेली जी. दोन खुराक द्या." मी पुडी बांधायचो. तिच्यात एक दुखण्याची गोळी, एक पित्ताची, आणि एक बारकी पांढरी. ती बारकी पांढरी म्हणजे स्टेरॉइड. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायची नसते, हे मला पदविकेच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी बाई हसत बांधीवर, धानाच्या शेतात जायची आणि चार जणींना सांगायची, भाऊच्या हाताले गुण आहे.

माझी आई रोवण्याला जायची. शिकून काही झालो तो घरात मी पहिला. दुकान टाकलं तेव्हा आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या येऊन नुसत्या काउंटरला हात लावून जायच्या. पुढे सगळ्या गावाचा मी भाऊ झालो, मग काही लोक डॉक्टरभाऊ म्हणू लागले. सुरुवातीला मी "डॉक्टर नाई जी मी" म्हणायचो. नंतर म्हणायचं सोडून दिलं.

गोळ्या मी स्ट्रिपमधून काढून जुन्या कॅलेंडरच्या कागदात बांधून द्यायचो. गिऱ्हाइकाला सांगायचो, म्हातारपणी स्ट्रिप फोडता येत नाही म्हणून. खरं कारण एवढंच की कागदावर नाव नसलं तर दुसऱ्या मेडिकलवाल्याला तीच गोळी देता येत नाही. गिऱ्हाईक फिरून माझ्याकडेच येतं.

चार वर्षांपूर्वी उभं राहून राहून माझे स्वतःचे गुडघे धरले. एक दिवस मी ती पांढरी गोळी खाऊन पाहिली आणि दुपारी सायकलने घरी गेलो. त्यानंतर ती रोज सकाळी चहाबरोबर सुरू झाली. वर्षभरात माझे गाल भरले. लोक म्हणायचे, भाऊ, तब्येत सुधारली. मी आरशात पाहायचो आणि मला ते आवडायचं. हे गाल कशाचे, हे ओळखायला मी शिकलेला माणूस होतो, तरी आवडायचं.

*

माझ्या गिऱ्हाइकांतली एक सिंधुबाई. ढीवराची, मासेमारी करणाऱ्यांतली. गावाबाहेर तलावाच्या पाळीखाली तिचं घर आहे. नवरा गेल्यापासून ती स्वतः जाळं घेऊन तलावात उतरते. कमरेएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभं राहून तिचे गुडघे कामातून गेले होते. तिला मी तीन वर्षं रोजची पांढरी गोळी दिली. तिचाही चेहरा भाकरीसारखा गोल झाला होता. टोपलीचा काठ नुसता लागला तरी तिच्या हातावर निळे डाग पडायचे. ते डाग मी काउंटरवर, एक हात अंतरावरून पाहिले आहेत. मी म्हणायचो, "बाई, गोळी मानवली तुमाले. पाहा, कशा भरल्या तुमी." आणि ती लाजून पदर ओढून घ्यायची.

*

माझी मुलगी सुजाता आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात नर्स आहे. तिने मला तीन महिन्यांसाठी बोलावलं. माझी बायको शोभा अंगणवाडीसेविका, तिला एवढी सुट्टी मिळणार नव्हती, म्हणून मी एकटाच निघालो. दुकानाला कुलूप लावायचं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी सिंधुबाई आली. दुकानात त्या गोळीच्या एकशे पाचच गोळ्या उरल्या होत्या. नव्वद मी माझ्यासाठी ठेवल्या आणि पंधरा तिला बांधून दिल्या.

"भाऊ, मंग पुढं?" तिने विचारलं.

"पुढं पाहू," मी म्हणालो.

दुकान बंद, मी सात समुद्रांपलीकडे, आणि पाहणार कोण होतं? ही वाटणी मी एका मिनिटात केली आणि त्या दिवशी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. आता रोज आठवते.

माझ्या नव्वद गोळ्याही मी सवयीने पुड्यांतच बांधल्या होत्या. कॅलेंडरचा कागद, वर दोरा, नाव कुठेच नाही. मुंबईच्या विमानतळावर माझ्यापुढच्या माणसाची पिशवी उघडून एक अधिकारी त्याला औषधांची चिठ्ठी मागत होता. खाई त्याला खवखवे. मी रांगेतून बाहेर पडलो, संडासात गेलो आणि सगळ्या पुड्या तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मनात म्हटलं, गोळीच तर आहे, तिकडे कोणत्याही मेडिकलमध्ये मिळेल. आयुष्यभर दिली तशी कोणीतरी मलाही देईल.

*

सुजाता मला घ्यायला आली होती. पाया पडली, उठली आणि माझ्या चेहऱ्याकडे पाहतच राहिली.

"बाबा, तुमचा चेहरा असा काऊन दिसून राह्यला? सुजला का?"

"विमानात बसून बसून."

"काई औषध घेता का?"

"बीपीची गोळी. बस."

दुसऱ्या दिवशी ती ड्यूटीवर गेली आणि मी मेडिकल शोधत निघालो. गावात अशी तीन दुकानं होती. पहिल्या दुकानात चाळिशीची एक फार्मासिस्ट होती. मी गोळीचं नाव सांगितलं. तिने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. मी छाती पुढे करून म्हणालो, मी स्वतः फार्मासिस्ट आहे, एकतीस वर्षं. तिला खरंच आनंद झाला. काउंटरच्या बाहेर येऊन तिने हात मिळवला आणि म्हणाली, "मग तुम्हाला काही सांगायलाच नको." 

तिने मला बाजूच्या खोलीत नेलं. दोन खुर्च्या मावतील एवढी ती खोली होती, दार लावून घेता येईल अशी. गोळी कोणासाठी हवी, किती दिवसांपासून चालू आहे, किती मिलिग्रॅम, असं तिने हळू आवाजात विचारलं. ही खोली अशाच बोलण्यासाठी केलेली होती. माझ्या दुकानात बाया आपलं दुखणं भर बाजारात, दहा माणसांसमोर सांगतात. तिच्यासमोर बसून मी म्हणालो, एका मित्रासाठी. ती म्हणाली, "मित्राला सांगा, ही गोळी एकदम बंद करायची नसते. आज डॉक्टर मिळत नसतील तर मी फोन लावून देते." मी आभार मानले आणि पळालो.

दुसऱ्या दुकानात चिठ्ठी विसरलो म्हणून सांगितलं. तिसऱ्यात तर मला इंग्रजी येतच नाही असं सोंग केलं आणि कागदावर नाव लिहून पुढे सरकवलं. काउंटरवरच्या पोराने कागद वाचला, मान हलवली आणि फोनवर कोणती भाषा हवी ते निवडा म्हणून फोनच माझ्यापुढे धरला. मी हिंदी निवडली आणि पडद्यावर अक्षरं आली, चिठ्ठी आहे का? आता ते आठवून हसू येतं. त्या दिवशी मी पावसात कोपऱ्यावरच्या बाकावर बसलो आणि मनातल्या मनात सगळ्या देशाला शिव्या घातल्या. माणूस दुखण्याने मेला तरी चालेल, कागद पाहिजे, असं म्हणत होतो.

सुजाताचं घर चारशे पावलांवर होतं आणि संध्याकाळी माझी नर्स पोरगी तिथे येणार होती. तिला एक वाक्य सांगितलं असतं तर पुढचं काही झालं नसतं. पण मी गोळी घेतो हे कळलं की ती कुठून आणली हे ती विचारणार, आणि तिथून पुढे सगळंच बाहेर येणार. म्हणून मी गप्प बसलो.

*

आठवडाभरात जेवण जाईना. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. "इथलं पाणी मानवत नाई," असं मी सुजाताला सांगत राहिलो. अकराव्या दिवशी सकाळी दात घासता घासता मी न्हाणीत पडलो. ओकारी थांबेना.

तिने मला तिच्याच इस्पितळात नेलं. तिथे तिला सगळे ओळखत होते. जो तो येऊन म्हणायचा, सुजाताचे वडील ना, फार्मासिस्ट आहेत ना? डॉक्टरने माझ्या गालांकडे पाहिलं, दंडावरचे निळे डाग पाहिले आणि सरळ विचारलं, स्टेरॉइड घेता का? मी म्हणालो, नाही. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. बीपी खाली खाली जात होतं. यंत्राचा आवाज मला ऐकू येत होता आणि त्याचा अर्थही कळत होता. तरी तोंडातून नाहीच येत होतं. मरायला टेकलेला माणूस खरं बोलतो म्हणतात. आपल्याला तो अनुभव नाही.

सुजाताने डॉक्टरला थांबवलं आणि माझ्या कानाजवळ आली.

"बाबा, मी नर्स म्हणून नाई, पोरगी म्हणून इचारून राह्यली. खाल्ली का तुमी ते गोळी?"

मी मान हलवून हो म्हटलं.

"किती दिवस?"

मी चार बोटं वर केली. "महिने?" तिने विचारलं. मी मान हलवून नाही म्हटलं, आणि तिचा चेहरा पाहवेना म्हणून डोळे मिटले.

सुजाताने डॉक्टरला सांगितलं आणि त्यांनी शिरेतून औषध दिलं. दुपारपर्यंत मी उठून बसलो. डॉक्टरने जे सांगितलं ते थोडक्यात असं. शरीर हे औषध स्वतः थोडं थोडं बनवत असतं. बाहेरून रोज मिळू लागलं की ते आपलं काम सोडून देतं. मग बाहेरचं अचानक थांबलं की माणूस कोसळतो, जीवही जातो. हा प्रश्न परीक्षेत मला आला होता आणि मी त्याचं बरोबर उत्तर लिहिलं होतं.

*

वॉर्डात मी सहा दिवस होतो. सकाळी सहाला सुई, मग गोळी, मग ओटची पातळ लापशी. मला थंडी वाजते हे बघून एक मावशी रोज गरम केलेलं ब्लँकेट आणून पायांवर घालायची आणि न बोलता जायची. तिच्या त्या ब्लँकेटने मला रडू यायचं. दुसऱ्या कशाने आलं नाही.

पहिल्या संध्याकाळी सुजाता ड्यूटी संपवून पलंगाजवळ बसली. बराच वेळ ती माझ्या हाताचे डाग पाहत होती.

"दुकानातूनच घेत होते ना?"

"हो."

"मंग दुकानातून आखीन कोणाले देता?"

"कोणाले नाई," मी म्हणालो.

 माझं खोटं तिला कळलं होतं की नाही हे मी आजवर विचारलेलं नाही. मला मात्र सिंधुबाईच्या पंधरा गोळ्या त्याच क्षणी आठवल्या होत्या. दिवस मोजता येत होते. पण शोभाला फोन करायचा म्हणजे गावात बोभाटा, परवाना जाणार, पदविकेची फ्रेम उतरवावी लागणार. मी स्वतःला सांगितलं, बाईजवळ अजून चार गोळ्या असतील. बरं होऊन पाहू. पुन्हा तेच, पाहू.

तीन दिवस मी असा पडून राहिलो.

चौथ्या दिवशी इस्पितळाची फार्मासिस्ट आली. खुर्ची ओढून बसली. माझ्या गोळ्यांची डबी तिने माझ्या हातात दिली. डबीवर गोळीचं नाव होतं, माझं नाव होतं, कधी किती घ्यायची ते होतं. हळूहळू कशी कमी करायची त्याचा कागद होता. आणि खिशात ठेवायचं एक छोटं कार्ड. ते तिने बोट ठेवून मला वाचून दाखवलं, ही गोळी अचानक बंद करू नका, आजारी पडलात तर हे कार्ड डॉक्टरांना दाखवा. मी फार्मासिस्ट आहे हे तिला माहीत होतं. तरी तिने एका अडाणी म्हाताऱ्याला सांगावं तसं सगळं सांगितलं, आणि मी त्याच लायकीचा होतो. ती गेली. मी त्या डबीवरचं माझं नाव वाचत बसलो. सिंधुबाईजवळ काय होतं? कॅलेंडरचा कागद.

सुजाता आली तेव्हा मी म्हणालो, "आईले फोन लाव. मी खोटं बोललो."

*

"अवो, बरे आहा ना तुमी?" शोभाने विचारलं.

"मी बरा आहो. तू आत्ता पाळीवर जा. सिंधुबाईच्या घरी."

"काऊन?"

मी सगळं सांगितलं. सुजाता समोर उभी होती. 

"मी काय सांगू तिले?" शोभा म्हणाली. "माह्या नवऱ्यानं तुले तीन वर्स हे खाऊ घातलं, असं सांगू?"

"हो. तसंच सांग. अन् गोळीचं नाव लिहून घे. दवाखान्यात डॉक्टरले तेच नाव दाखवजो."

एकेक अक्षर करून मी ते नाव तिला सांगितलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या गोळीचं नाव माझ्या गावातल्या कोणाला सांगत होतो.

सिंधुबाई तीन दिवसांपासून अंथरुणावर होती. पंधरातल्या काही गोळ्या तिने कंबर धरलेल्या बहिणीला दिल्या होत्या. भाऊच्या हातची गोळी, ती एकटीने कशी खाईल? त्यामुळे तिच्याजवळच्या गोळ्या लवकरच संपल्या. ती कॅलेंडरचा रिकामा कागद घेऊन आरमोरीच्या दुसऱ्या मेडिकलमध्ये गेली होती. तो म्हणाला, बाई, यावर तर नावच नाई, मी काय देऊ? मग घरी येऊन पडली. ओकाऱ्या, चक्कर. शेजारणी म्हणत होत्या, ऊन लागलं. शोभाने गाडी करून तिला गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरच्या हातात ती नावाची चिठ्ठी दिली. बाई वाचली.

ते तीन दिवस आणि माझे गप्प राहण्याचे तीन दिवस एकच होते.

*

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी अशी पुडी खात असेल तर एवढंच सांगतो, ती आज एकदम बंद करू नका. पुडीत काय आहे त्याचं नाव देणाऱ्याकडून लिहून घ्या आणि ते घेऊन डॉक्टरकडे जा. डॉक्टर ती हळूहळू कमी करतो. देणारा नाव सांगत नसेल तर तो तुमचा भाऊ नाही, मग त्याच्या हाताला कितीही गुण असो.

परत आल्यावर मी आठवून आठवून यादी केली. तेवीस माणसं निघाली. एकेकाच्या घरी गेलो, नाव लिहून दिलं आणि सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसमोर त्यांना उभं केलं. डॉक्टरला माझा कबुलीचा कागदही लेखी दिला. त्याचं पुढे काय व्हायचं ते होईल. दोघांनी शिव्या दिल्या. बाकी सगळ्यांनी चहा पाजला, आणि शिव्यांपेक्षा तो चहा गिळायला जड गेला. एक म्हातारा तर म्हणाला, "जाऊ द्या ना भाऊ, पर कंबरेची गोळी देऊन जा."

सिंधुबाईकडे जायला मला आठ दिवस लागले.

ती दारात जाळं शिवत बसली होती. गाल उतरले होते. मला पाहून उठली, खाट टाकली आणि शेजारणींना हाक मारून सांगू लागली, "हेच भाऊ. परदेशातून फोन केला म्हून मी जिती आहो." शेजारणी माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. तिने आत जाऊन सकाळी पकडलेले दोन मोठे मरळ मासे पिशवीत घालून आणले आणि पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"बाई," मी म्हणालो, "ते गोळी मीच दिली होती तुमाले."

"मालूम आहे. शोभाबाईनं सांगितलं." तिने सुई जाळ्यात खोचून ठेवली. "पर तिनं एक नाई सांगितलं. म्हने, भाऊलेच इचार. तुमाले मालूम होतं का जी, त्या गोळीनं असं होते म्हून?"

नाही म्हणता आलं असतं. एवढं सगळं झाल्यावरही तो शब्द जिभेवर आला होता.

"हो," मी म्हणालो. "पयल्या दिवसापासून."

शेजारणी उठून गेल्या. सिंधुबाई माझ्याकडे न पाहता आपल्या हातावरचे डाग चोळत होती. मग तिने सुई उचलली.

"मासोळ्या घेऊन जा भाऊ. आणल्या तर घेऊन जा," ती म्हणाली. "पर आता मी तुमच्या दुकानात येनार नाई."

मी पिशवी घेऊन उठलो. ठेवून यायची हिंमत झाली नाही. शोभाने त्या संध्याकाळी रस्सा केला आणि आम्ही दोघं जेवलो.

माझ्या गोळ्या अजून चालू आहेत, डॉक्टर दर महिन्याला थोड्या कमी करतो. गुडघे दुखतात. दुकान मी अजून उघडतो, आता पुडी बांधत नाही आणि चिठ्ठीशिवाय देत नाही. गिऱ्हाईक निम्मं झालं आहे. महिन्यातून एकदा सिंधुबाई गडचिरोलीहून परत येते तेव्हा बसमधून माझ्या दुकानासमोरच उतरते. रस्ता ओलांडते आणि पलीकडच्या मेडिकलमध्ये जाते. डॉक्टरची चिठ्ठी तिच्या हातात उघडी असते.